टपावरचा कॅरिअर रिकामाच बरा
राजगडाला पाली दरवाजाने चढायचं आणि आदल्या रात्री पायथ्याला, पालीतच व्हॅनमध्ये झोपायचं, असा बेत असेल तर जड सामान टपावर चढवू नका. आत जागा कमी, वर मोकळीच पडलीय, मग का नाही, असं कुणीही म्हणेल. पण खरी अडचण वजनाची असते. 20 लिटर पाण्याचा कॅन म्हणजे 20 किलो. तो टपावर गेला की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर गाडी जास्त कलते. शिवाय मावळातला पाऊस ताडपत्रीला जुमानत नाही. म्हणून कॅन, जॅक, हत्यारं पलंगाखाली, दोन्ही चाकांच्या मध्ये, पट्ट्याने आवळून ठेवा. अंथरूण-कपडे वरच्या फळीवर. गॅसचा डबा मात्र बंद कप्प्यात नको, गळलेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतो.

पलंगाखालचं सामान वाकून शोधावं लागतं, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी मागच्या दारातून ओढता येणारा, रुळांवरचा लांब खण करून घ्या. खणाला कडी हवीच, नाहीतर चढावर तो आपोआप मागे सरकून दारावर आदळतो. चिखलाचे बूट? दाराशी एक घमेलं पुरतं.