नंबर तुमचा, उचलतंय कोण?

समजा, वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतल्या घरून तुम्ही केकच्या ऑर्डर घेताय. व्हॉट्सअॅप, यूपीआय, नेहमीची गिऱ्हाइकं, सगळं एकाच नंबरवर. एका सकाळी नेटवर्क गायब. संध्याकाळी मैत्रीण घरी येऊन विचारते, ‘अगं, तुझा फोन कोण काका उचलतायत?’

आता आधी बघायचं, नंबर गेला कसा? जबाबदारी कुणाची, ते त्यावर ठरतं.

रिचार्ज न करता सिम ड्रॉवरमध्ये पडून राहिलं असेल, तर बोलायला जागा कमी. बंद केलेला नंबर किमान 90 दिवस थांबून दुसऱ्याला देता येतो. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की, जुन्या नंबरवरची आपली माहिती सांभाळणं हे आपलंच काम. त्या काकांचा यात काहीच दोष नाही.

पण चालू नंबरच कंपनीने भलत्याला दिला तर? 2017 मध्ये राजस्थानातल्या हनुमानगडच्या एका ग्राहकाच्या नंबरचं सिम व्होडाफोनकडून दुसऱ्याच माणसाला दिलं गेलं. खात्यातून 68.5 लाख रुपये गेले, त्यातले 44 लाख परत आले. उरलेली रक्कम, व्याज धरून 27 लाखांहून जास्त, कंपनीने द्यावी, असा आदेश 2021 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निघाला.

आपल्याकडे या कायद्याखालचे 5 कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे जातात. दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. ‘धंद्याचा नंबर आहे, तुम्ही ग्राहक नाही,’ असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. पोटापाण्यासाठी स्वतः धंदा चालवणारा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे.

त्या दिवशी मात्र हात चालवा. कंपनीकडे तक्रार करून नोंद क्रमांक लिहून घ्या. बँकेला लगेच कळवा. चूक तिसऱ्याची असेल आणि 3 कामाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नुकसान तुमच्या माथी येत नाही. पैसे गेलेच असतील तर 1930 लावा. हुकलेल्या ऑर्डरींचे स्क्रीनशॉट ठेवा, भरपाई पुराव्यावर मिळते.

आणि हो, तुमचं सिम कुणाच्या नावावर आहे? बाबांच्या असेल, तर कागदोपत्री तो नंबर तुमचा नाहीच. आजच तुमच्या नावावर करून घ्या.