हजेरीचं बक्षीस

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चर्च आहे. दगडी भिंती, कौलारू छप्पर आणि मागच्या अंगाला पत्र्याची एक लांबट खोली. दर रविवारी उपासनेच्या आधी तासभर त्या खोलीत शब्बाथशाळा भरते. पंचवीस-तीस मुलं येतात. काही पेन्सिल धरायला शिकणारी, काही दहावीतली. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली आले. तेव्हापासून रविवारची शाळा ही आमच्याकडे परकी गोष्ट राहिलेली नाही.

मी मुसलमान, त्यात कविता करणारा. माझं तिथं काय काम, असं तुम्ही विचाराल. माझं काम पाठांतराचं. शाळा चालवणाऱ्या बाई आमच्या शेजारी राहतात. एकदा म्हणाल्या, "भाई, पोरं वचनं आगगाडीसारखी म्हणतात. श्वास कुठं घ्यायचा तेवढं शिकवा." तेव्हापासून पावसाळ्यातले चार-सहा रविवार मी जातो. मुलं मला चाचा म्हणतात.

2022 च्या ऑगस्टमधली गोष्ट. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा स्वेटर घालून आला. डोळे लालसर. पाठीवर हात ठेवला तर अंग चांगलंच गरम. म्हणाला, "आईनं गोळी दिली, मग आलो. माझा एकही रविवार चुकलेला नाही." पूर्ण हजेरी असणाऱ्याला नाताळात बक्षीस मिळतं, त्याची ही जिद्द. मी काय केलं? सगळ्यांसमोर त्याला शाबासकी दिली, पहिल्या रांगेत बसवलं आणि तीनदा वचन म्हणायला लावलं. पाऊस तिरपा येत होता म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या होत्या.

पुढच्या रविवारी 27 पैकी 11 मुलं आली नाहीत. त्यातल्या एका मुलीची दहा महिन्यांची बहीण पाच दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. डॉक्टरांनी फ्लू सांगितला. बाळ बरं होऊन घरी आलं. तो आजार त्या मुलाकडूनच गेला असं म्हणता येणार नाही. त्या दिवसांत राज्यात सगळीकडेच फ्लू होता. पण ती शाबासकी माझ्या मनातून जात नाही. म्हणून डॉक्टर नसताना या विषयावर बोलायचं धाडस करतो आहे. पुढची वैद्यकीय माहिती जाणत्यांना विचारून घेतलेली आहे.

आपण साध्या सर्दीलाही फ्लू म्हणतो आणि फ्लूलाही सर्दी म्हणून सोडून देतो. सर्दी हळूहळू येते. फ्लू अचानक झडप घालतो. सकाळी खेळणारं मूल संध्याकाळी तापानं फणफणतं, अंग दुखतं, कोरडा खोकला येतो. लहान मुलांना उलट्या-जुलाबही होतात. थंड मुलखात हा हिवाळ्याचा आजार. आपल्याकडे त्याचे दोन हंगाम: एक पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा थंडीत, जानेवारी ते मार्च. 2009 साली ज्या स्वाइन फ्लूनं पुण्यात हाहाकार उडाला, 3 ऑगस्टला चौदा वर्षांची शाळकरी मुलगी दगावली आणि शाळा बंद कराव्या लागल्या, तो विषाणू कुठं निघून गेलेला नाही. तो आता दरवर्षीच्या फ्लूचाच एक प्रकार होऊन आपल्यात राहतो.

आता रविवारच्या शाळेचा हिशेब पाहा. विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत, बहुधा दोन दिवसांत, ताप येतो. म्हणजे रविवारी लागण झाली तर मंगळवार-बुधवारी मूल आजारी. ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच ते दुसऱ्याला आजार देऊ शकतं आणि पुढं पाच ते सात दिवस देत राहतं. लहान मुलं त्याहूनही जास्त दिवस. बुधवारी आजारी पडलेलं मूल रविवारी जरा तरतरीत दिसतं, आईला वाटतं बरं झालं, आणि ते नेमकं पुढच्या रांगेला प्रसाद द्यायला हजर होतं. आठवड्यातून एकदाच भरणारी शाळा आहे, तिथं कसला संसर्ग, असं मला वाटायचं. उलट हा आठवड्याचा फेरा विषाणूच्या सोयीचाच आहे. शिवाय रोजच्या शाळेत एका वयाची मुलं एकत्र बसतात. इथं चार वर्षांचं आणि पंधरा वर्षांचं एकाच सतरंजीवर, आणि तास संपला की तीच मुलं उपासनेला आजीच्या मांडीवर. लहान बाळं, पासष्टीपुढची माणसं, गरोदर बायका, दम्याचे आणि मधुमेहाचे रुग्ण यांना फ्लू जड जातो, आणि ही सगळी त्याच बाकांवर असतात.

तापाच्या गोळीबद्दल थोडं सांगायला हवं. पॅरासिटामॉलनं ताप चार-सहा तास दबतो. आजार तिथंच असतो. सकाळी सातला गोळी दिली की नऊच्या वर्गात मूल गार लागतं. म्हणून नियम असा की गोळी न देता पूर्ण 24 तास ताप नसेल तरच मुलाला बाहेर पाठवायचं, आणि खोकला असेल तर आणखी थोडी कळ काढायची. घरात पडलेली ॲस्पिरिन मात्र मुलांना देऊ नये. फ्लूत तिच्यामुळं मेंदूला आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते. उरलेल्या अँटिबायोटिकचाही उपयोग नाही, ती विषाणूवर चालत नाहीत. मूल धापा टाकत असेल, श्वासाबरोबर बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे दिसत असतील, पाणी पीत नसेल, सुस्त पडून असेल किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला असेल तर घरगुती काढ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. फ्लूवरचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं.

लसही आहे. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी. सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. बाळांच्या मोफत सरकारी लसीकरणात ती नाही. खर्च सगळ्यांना झेपत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून इथं आग्रह धरत नाही. शिकवणाऱ्यांनी तरी घ्यावी.

त्या प्रकारानंतर बाई, पाळकसाहेब आणि मी बसलो. आधी वर्ग व्हरांड्यात आणला. पाऊस असला तरी दोन समोरासमोरच्या खिडक्या उघड्याच. सतरंजी थोडी भिजली तर भिजू दे. माठावरचा साखळीला बांधलेला पेला काढला. माझ्या लहानपणी मक्तबात असाच एक जर्मलचा पेला होता, आम्ही चाळीस पोरं त्यानं पाणी प्यायचो. आता प्रत्येकाची बाटली. खडूचा एकच डबा फिरायचा, तो वाटून दिला. लहानग्यांची कापडी खेळणी हंगामापुरती बंद; प्लॅस्टिकची साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात. खाऊच्या आधी साबणानं 20 सेकंद हात. फ्लूच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं, साबण ते फोडतो. घड्याळ कोण बघणार? मुलं गीताचं एक कडवं म्हणतात, तेवढ्यात हात निघतात. एक पोरगं फार भरभर म्हणतं, त्याला दोन कडवी. खोकला आला तर तोंडापुढं तळहात न धरता कोपर. आणि शिकवणाऱ्या बाईंना ताप आला तर दुसऱ्या कोणीतरी वर्ग घ्यायचा, हे आधीच ठरलेलं. हे सर्वांत अवघड गेलं, कारण बाई स्वतःच ऐकत नाहीत.

खरा वाद झाला तो हजेरीवर. पाळकसाहेबांचं म्हणणं, शिस्त जाईल. ताप नसणारीही घरी बसतील. ते अगदीच खोटं नव्हतं. मी त्यांना आमच्याकडची एक गोष्ट सांगितली. फार पाऊस असला तर पैगंबरसाहेब अजान देणाऱ्याला पुकारायला सांगत, आज आपापल्या घरीच नमाज पढा. ते म्हणाले, "पावसाळाभर पुकारलं तर?" आम्ही दोघंही हसलो, पण तोडगा निघाला. आजारी मुलाच्या घरून आठच्या आत फोन आला तर हजेरीपटावर गैरहजेरी न लिहिता 'कळवलं' असं लिहायचं. त्या आठवड्याचं वचन मुलानं घरी पाठ करून फोनवर म्हणायचं. म्हटलं की पूर्ण हजेरी.

पहिल्या हंगामात दोन-तीन लबाड फोन आले. बाईंना ते आवाजावरूनच कळले. पुढच्या जुलैत तोच स्वेटरवाला मुलगा आजारी पडला. त्याच्या आईनं साडेसातलाच कळवलं. संध्याकाळी बाईंनी फोन माझ्या हातात दिला. घसा बसलेला, मधेच खोकला, पण श्वास बरोबर जागी घेत होता. मी शाबासकी दिली.

गेल्या नाताळात पूर्ण हजेरीची बक्षिसं 19 निघाली, पूर्वी चार-पाच असायची. कंपासपेट्यांचा खर्च कुठून काढायचा यावर बाई अजून माझ्याशी भांडतात.