घड्याळ कुणाला मारते?

परवा नातू इंग्रजीचा अभ्यास घेऊन बसला होता. मध्येच त्याने विचारले, ‘आजोबा, स्ट्राइक म्हणजे मारणे ना? मग घड्याळ कुणाला मारतं?’

प्रश्न बिनतोड होता. आपल्याकडे घड्याळ ठोके देते, काडी ओढतात, टांकसाळीत नाणी पाडतात. वीज पडते, कल्पना सुचते, सौदा ठरतो, खणता खणता तेल लागते. इंग्रज मात्र या सगळीकडे एकट्या ‘स्ट्राइक’ला राबवतो. आपण त्याला हसू नये. आपणही हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो आणि कुणाला लागत नाही. (टोमणा मारतो, तो मात्र लागतो.)

कामगारांचा स्ट्राइक आला जहाजावरून. शिडे उतरवणे यालाही हाच शब्द. १७६८ साली लंडनच्या बंदरात मजुरीसाठी भांडणाऱ्या खलाशांनी शिडे उतरवली आणि जहाजे जागच्या जागी अडकून पडली.

१९८२ साली मला हे ठाऊक नव्हते. गिरणगावातल्या एका बँकेच्या शाखेत मी नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. लेजरमध्ये बाकी काढणे, हाही इंग्रजीत स्ट्राइकच. जमेची बाजू कोरी, नावेची लांबत चाललेली. दर वेळी खाली नवी, आणखी बारीक बाकी मांडायची. ते माझे काम.

साच्यावर काम करणारे एक काका दर पंधरा दिवसांनी थोडेथोडे पैसे काढायला येत. गणपतीच्या सुमारास आले ते पासबुक पुढे सरकवून म्हणाले, ‘मस्टरवरचं नाव खोडलं आमचं. खातं बंद करा, गावी चाललोय.’ नाव खोडणे, म्हणजे पुन्हा स्ट्राइकच! मी बाकी काढली. तेवीस रुपये चाळीस पैसे. त्यांनी नोटा मोजल्या, नाणी मोजली आणि हळूच विचारले, ‘व्याज धरून ना, साहेब?’

मला साहेब म्हणणारे ते पहिले खातेदार. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो.

नातवाला एवढे सगळे सांगितले. तो म्हणाला, ‘मग तो संप मिटला कधी?’

मी म्हटले, ‘गिरण्या बंद झाल्या, तिथे टॉवर उभे राहिले. पण संप रीतसर कुणी मागे घेतलाच नाही.’