बिघडलेल्या प्रणाली-फाइली आणि त्यांची दुरुस्ती

घरातील किंवा कार्यालयातील वैयक्तिक संगणक कधी कधी सुरू होता होता मध्येच थांबतो. कधी नेहमीचे काम चालू असताना पडद्यावर एखादा अपरिचित संदेश उमटतो आणि यंत्र आपण होऊन बंद पडते. उघडून पाहिले तर त्याचा एकही भाग मोडलेला नसतो की एकही तार तुटलेली नसते. अशा वेळी दोष पुष्कळदा यंत्राच्या अंगी नसून त्याच्यासाठी लिहून ठेवलेल्या आज्ञांमध्ये असतो. हा लिखित मजकूर बिघडतो कसा, तो बिघडल्याचे कळते कसे आणि तो पूर्ववत कसा करता येतो, याचा विचार येथे करावयाचा आहे. विवेचनासाठी आपण विंडोज ही कार्यप्रणाली उदाहरणादाखल घेऊ.

संगणक सुरू झाल्याबरोबर कार्यप्रणाली त्याचा ताबा घेते. कळफलकावर दाबलेली कळ ओळखणे, पडद्यावर अक्षर उमटविणे, स्मृतीतील जागा निरनिराळ्या कामांना वाटून देणे, ही सर्व व्यवस्था तिच्याकडे असते. ही प्रणाली म्हणजे एकच अखंड ग्रंथ नव्हे. ती हजारो लहानमोठ्या फाइलींमध्ये विभागलेली असते. यांनाच प्रणाली-फाइली म्हणतात. प्रत्येक फाइल म्हणजे शून्य आणि एक या दोन चिन्हांची एक लांबच लांब ओळ असते. छापील पुस्तकात एखादे अक्षर चुकले, तर वाचक संदर्भावरून अर्थ लावतो आणि पुढे जातो. संगणकाच्या प्रक्रियकाला असा तर्क करता येत नाही. त्याच्यापुढे आलेली आज्ञा तो अक्षरशः पाळतो आणि ती निरर्थक असेल तर थांबतो. एका शून्याच्या जागी एक आला, एवढ्यानेही संपूर्ण यंत्र अडू शकते.

असा बदल घडण्याची कारणे अनेक आहेत. फाइल लिहिली जात असता वीज गेली, तर मजकूर अर्धवट राहतो. विंडोजमधील फाइलव्यवस्था आपल्या हिशेबाची एक नोंदवही ठेवते आणि खंड पडल्यास तिच्या आधारे हिशेब जुळवून घेते. पण ही नोंदवही फाइलींच्या सूचीची असते, त्यांच्या आतील मजकुराची नव्हे. दुसरे कारण म्हणजे साठवणीचे माध्यम जीर्ण होणे. डिस्क किरकोळ चुका स्वतःच सुधारून घेते. तिच्या आवाक्यापलीकडची हानी झाली, म्हणजे ती फाइलीत दिसू लागते. तिसरे कारण सदोष स्मृती. मजकूर डिस्कवर शुद्ध असला तरी सदोष स्मृतीतून जाताना तो बदलतो आणि बदललेल्या रूपातच परत लिहिला जातो. याखेरीज अर्धवट राहिलेली अद्ययावती आणि घातक हेतूने रचलेल्या आज्ञावल्या यांचाही उल्लेख केला पाहिजे.

आता मुख्य प्रश्न असा की, हजारो फाइलींपैकी नेमकी कोणती बिघडली हे ओळखावयाचे कसे? याचे एक साधे रूप प्रत्येक आधुनिक पुस्तकाच्या मलपृष्ठावर पाहावयास मिळते. तेथे छापलेल्या आंतरराष्ट्रीय मानक पुस्तक क्रमांकात २००७ सालापासून तेरा अंक असतात. त्यांना डावीकडून ओळीने एक, तीन, एक, तीन असे गुणून बेरीज केली, तर तिला दहाने नि:शेष भाग गेला पाहिजे. शेवटचा अंक मुद्दाम असा निवडलेला असतो की हे घडावे. क्रमांक उतरवून घेताना कोणताही एक अंक चुकला, तर भाग जात नाही आणि चूक तत्काळ उघड होते. मात्र कोणता अंक चुकला आणि त्या जागी काय हवे होते, हे या बेरजेवरून कळत नाही. चूक झाल्याचे कळणे आणि ती सुधारता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचकाने येथेच ध्यानात ठेवावे.

फाइलींसाठी याच कल्पनेचे अधिक समर्थ रूप वापरतात. त्याला हॅश म्हणतात. आपण त्याला ठसा म्हणू. फाइल कितीही मोठी असो, ठरलेल्या गणिती क्रियेने तिच्यापासून निश्चित लांबीची एक संख्या काढली जाते. अमेरिकेच्या शासकीय मानकात २००२ साली समाविष्ट झालेल्या एका पद्धतीत हा ठसा २५६ द्विमान अंकांचा असतो. मूळ फाइलीतील एकच चिन्ह बदलले, तरी ठशातील सुमारे निम्मी चिन्हे बदलतात. दोन भिन्न फाइलींचा ठसा योगायोगाने एकच येण्याचा संभव इतका अल्प असतो की व्यवहारात तो शून्यच मानतात. निर्मात्याने मूळ फाइलींचे ठसे आपल्या सहीनिशी नोंदवून ठेवले असतील, तर संगणकावरील प्रतीचा ठसा पुन्हा काढून तो नोंदीशी पडताळणे एवढेच काम उरते.

परंतु पुस्तक क्रमांकाप्रमाणेच ठसाही चुकीची वार्ता तेवढी देतो, उपाय सांगत नाही. प्राचीन पोथ्यांचा संशोधक अनेक प्रती पुढे ठेवून, त्यांतील पाठभेद तोलून मूळ पाठाचा अंदाज बांधतो. संगणकाला असा अंदाज चालत नाही. बिघडलेल्या फाइलीच्या आत हात घालून तिची डागडुजी करण्याचा प्रयत्नच तो करीत नाही. ती फाइल काढून टाकतो आणि तिच्या जागी विश्वसनीय अशी संपूर्ण प्रत ठेवतो. म्हणून जिला आपण दुरुस्ती म्हणतो ती वस्तुतः बदली असते, आणि शुद्ध प्रत कोठे तरी सुरक्षित असेल तरच ती शक्य होते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीत ही व्यवस्था क्रमाक्रमाने विकसित झाली. १९९० नंतरच्या दशकात अनेक आज्ञावल्या स्वतःची स्थापना करताना सामायिक प्रणाली-फाइलींवर आपल्याजवळच्या जुन्या आवृत्त्या लिहीत. एक आज्ञावली चालू व्हावी आणि त्यामुळे दुसरी बंद पडावी, असा प्रकार वारंवार घडे. १९९८ च्या विंडोज ९८ मध्ये सिस्टिम फाइल चेकर हे तपासणीचे साधन आले. ते वापरकर्त्याने स्वतः चालवावे लागे. विंडोज २००० मध्ये प्रणाली स्वतःच पहारा करू लागली. संरक्षित फाइल कोणी बदलली, की राखून ठेवलेली प्रत ती आपण होऊन परत आणी. पुढे विंडोज व्हिस्टापासून नियम आणखी कडक झाला. यंत्राच्या व्यवस्थापकालाही या फाइली थेट बदलता येत नाहीत. तो अधिकार प्रणालीतील एका विशिष्ट सेवेपुरता राखलेला असतो.

व्हिस्टापासूनच प्रत्येक संगणकात मूळ घटकांचे एक भांडार असते. तपासनीस याच भांडारातून शुद्ध प्रत घेतो. येथे एक बारकावा आहे. जागा वाचविण्यासाठी भांडारातील फाइल आणि प्रत्यक्ष वापरातील फाइल या बहुधा दोन स्वतंत्र प्रती नसतात. डिस्कवरील एकाच मजकुराला ती दोन नावे दिलेली असतात. डिस्कचा तेवढा भाग नासला, तर वापरातील फाइल आणि भांडारातील फाइल दोन्ही एकदमच बिघडतात. अशा वेळी भांडारालाच बाहेरून शुद्ध प्रत मिळाली पाहिजे. त्यासाठी डीआयएसएम नावाचे दुसरे साधन आहे. विंडोज ८ पासून ते इंटरनेटवरून कंपनीच्या अद्ययावती सेवेशी संपर्क साधून भांडार दुरुस्त करू शकते. इंटरनेट नसेल, तर त्याच आवृत्तीची स्थापना-सामग्री एखाद्या पेनड्राइव्हवर घेऊन तिचा आधार देता येतो.

यावरून कामाचा क्रम ठरतो. सर्वप्रथम स्वतःचे कागदपत्र, छायाचित्रे व हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. डिस्क जीर्ण होत असेल, तर प्रत्येक तपासणीने तिच्यावर अधिक ताण पडतो. म्हणून ही गोष्ट मागून करण्याजोगी नाही. त्यानंतर चेक डिस्क या साधनाने डिस्कची व स्मृती-तपासणीच्या साधनाने स्मृतीची परीक्षा करावी. स्मृतीच सदोष असेल, तर नव्याने ठेवलेली शुद्ध प्रतही बिघडण्याचा धोका असतो.

मग व्यवस्थापकाचे अधिकार घेऊन कमांड प्रॉम्प्ट ही खिडकी उघडावी. आज्ञा इंग्रजी लिपीत टंकित कराव्या लागतात. पहिल्या आज्ञेत ‘डीआयएसएम’ या नावापुढे ‘ऑनलाइन’, ‘क्लीनअप-इमेज’ आणि ‘रिस्टोअरहेल्थ’ हे शब्द येतात. प्रत्येकाच्या आधी एक मोकळी जागा व एक तिरकी रेघ द्यावी. हे काम बराच वेळ चालू शकते आणि मध्येच थांबल्यासारखे भासते; तरी खिडकी बंद करू नये. ते पुरे झाल्यावर ‘एसएफसी’ ही तीन अक्षरे, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि ‘स्कॅननाऊ’ हा जोडशब्द, अशी दुसरी आज्ञा द्यावी. आधी भांडार, मग वापरातील फाइली, हा क्रम का, हे आता वेगळे सांगावयास नको.

शेवटी तपासनीस आपला निष्कर्ष सांगतो. दोष आढळला नाही. दोष आढळला व दूर केला. किंवा दोष आढळला पण काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत, असे त्याचे मुख्य प्रकार आहेत. पहिला निष्कर्ष आला, तर बिघाडाचे कारण अन्यत्र शोधावे. तिसरा आला, तर तपशील एका नोंद-फाइलीत लिहिलेला असतो. तो पाहून स्थापना-सामग्रीच्या आधारे पुन्हा प्रयत्न करावा, आणि तेही न साधल्यास विंडोजची त्याच जागी पुनर्स्थापना करावी. संगणक सुरूच होत नसेल, तर पेनड्राइव्हवरून पुनःप्राप्तीची व्यवस्था उघडून बाहेरूनही तपासणी करता येते. अनोळखी ठिकाणाहून एखादी सुटी प्रणाली-फाइल आणून बसविण्याचा मोह मात्र टाळावा. जिच्या उगमाची खात्री नाही ती शुद्ध प्रत नव्हे.

या सर्व व्यवस्थेची एक मर्यादा आहे. पडताळणी दोन प्रती सारख्या आहेत की नाहीत एवढेच सांगते. मूळ प्रत बरोबर आहे की नाही, हे सांगत नाही. १९ जुलै २०२४ रोजी याचा मोठा प्रत्यय आला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या आज्ञावलीसाठी एक नवी फाइल जगभर पाठविली. आज्ञावली वीस नोंदी पुरवीत होती आणि फाइल एकविसाव्या नोंदीची अपेक्षा करीत होती. सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची वेळ आली. ती फाइल वाटेत बिघडली नव्हती; पाठविणाऱ्याने जशी धाडली तशीच ती पोहोचली होती. विंडोजच्या स्वतःच्या फाइलीही शाबूत होत्या. त्यामुळे येथे तपासनीसाचा उपयोग नव्हता. असंख्य ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सुरक्षित अवस्थेत सुरू करून, ती फाइल हाताने काढावी लागली.

दुसरी मर्यादा सामान्य वापरकर्त्याच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. विंडोजच्या एका फाइलीच्या जगात कोट्यवधी प्रती असतात. येथील एक नासली तर तशीच दुसरी आणता येते. परंतु एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध, एखाद्या संस्थेची सभासदनोंद किंवा घरातील दिवंगत वडीलधाऱ्यांची छायाचित्रे यांची प्रत कोणत्याही कंपनीच्या भांडारात आपोआप राखलेली नसते, आणि त्यांचे ठसेही कोणी नोंदविलेले नसतात. कार्यप्रणाली कितीही वेळा नव्याने बसविता येते. पण या फाइलींच्या बाबतीत भांडार उभारणारा आणि ते सांभाळणारा स्वतः वापरकर्ताच असतो. त्याने दुसरी प्रत वेळीच वेगळ्या जागी ठेवली असेल, तर बिघडलेला संगणक ही केवळ एका दुपारची अडचण ठरते.