वस्तूच्या शेवटाचा हिशेब

सातबाऱ्याचा उतारा पाहिल्यावांचून शहाणा शेतकरी जमीन घेत नाहीं. भोगवटा कोणाचा, बोजा किती, हें त्यास आधीं कळावें लागतें. परंतु यंत्र किंवा अवजार घेतांना तोच गृहस्थ केवळ किंमत विचारून थांबतो. वस्तूवरही बोजा असतो व तो पुढें फेडावा लागतो. महसुली दप्तरांत हयात घालविलेल्या आम्हांस ही तुलना सहज सुचते.

प्रत्येक वस्तूच्या पांच अवस्था होत: कच्चा माल काढणें, घडविणें, वाहून नेणें, वापरणें व शेवटीं टाकून देणें. ह्या सर्वांचा एकत्र हिशेब कसा मांडावा, ह्याविषयीं आय.एस.ओ. १४०४० हें आंतरराष्ट्रीय मानक १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. अशा हिशेबांतून एक गोष्ट ध्यानांत येते ती ही कीं, पुढील खर्च व हानि पुष्कळ अंशीं आराखडा काढतांनाच ठरून जाते.

पांच अश्वशक्तीचा पंप पूर्ण भारानें चालल्यास तासास सुमारें साडेचार युनिट वीज घेतो. वर्षास ६०० तास धरल्यास दहा वर्षांत २७,००० युनिट होतात. समजा, दुसरा पंप तेंच काम एक पंचमांश कमी विजेंत करतो. तर ५,४०० युनिट वांचतात, आणि वीज कोळशाची असल्यास तेवढा धूर व राखही वांचते. म्हणून थोडा महाग पंपही अखेरीस स्वस्त पडूं शकतो.

लोखंडी नांगराचा गुण निराळा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं असा नांगर घडविला. फाळ झिजला तर तेवढाच बदलावा, बाकीचा नांगर चालतो. अगदीं निकामी झाला तरी लोखंड वितळून पुन्हां उपयोगीं पडतें.

ह्याच्या उलट उदाहरण पातळ प्लास्टिकच्या पिशवीचें. बाजारांतून घरीं भाजी नेण्यापुरता तिचा उपयोग. पुढें ती नाल्यांत पडते. अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याण येथील पाणी वालधुनी नदी उल्हासेच्या खाडीस नेते, व न कुजणारी पिशवीही त्याच वाटेनें जाते. खार जमिनीच्या उघाडींत अशा पिशव्या अडकल्या म्हणजे भातशेताचा निचरा कोंडतो. पातळ पिशवीस वजन नसल्यामुळें कचरा वेंचणारासही ती उचलणें परवडत नाहीं. जाडी ठरविणारानेंच तिचा शेवट ठरविला! महाराष्ट्रानें २३ मार्च २०१८ रोजीं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. केंद्राच्या नियमानें ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षां पातळ पिशवी देशभर वर्ज्य झाली.

ठाणें, कल्याण व मुरबाडकडील शेतकरी बंधूंनीं खरेदीपूर्वीं दुकानदारास चार प्रश्न अवश्य विचारावे. वीज वा तेल किती लागेल? झिजणारा भाग सुटा मिळेल काय? गांवच्या कारागिरास तो बदलतां येईल काय? निकामी झाल्यावर वस्तु परत कोण घेईल? पुष्कळ गिऱ्हाइकें असें विचारूं लागलीं म्हणजे कारखानदारांसही आपले आराखडे बदलावे लागतील.