अर्धशिशी आणि विपश्यना

रंगूनचे व्यापारी सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने बेजार होते; मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखीसाठी आलात तर प्रवेश नाही, असे गुरुजींनी बजावले! गंडेदोरे सोडलेल्या आपल्या समाजाने विपश्यनेचा नवा गंडा बांधू नये. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरे होतात. पहाटे चारला घंटा, मौन, नव्या साधकांना सायंकाळी चहा-फळे. फी नाही, खर्च जुन्या साधकांच्या दानातून. भगिनींनो, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. मानसिक आजार असल्यास अर्जात लपवू नका. आणि दहा दिवस घरची चूल? ती पुरुषांनी सांभाळावी!