तीस सेकंद, मग खटाक

संपादकांनी पर्यटन विशेषांकासाठी ‘चाकांवरचं घर’ मागितलं होतं. वाळवंट, सूर्यास्त, निवृत्त जोडपी, जमल्यास शेकोटी. हे सगळं मी वहीत टिपलंही. पण ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला, माझ्या मावसभावाच्या मोटरहोममध्ये, पहिल्याच रात्री पलंगाखालून बारीक गुणगुण ऐकू आली. भुंगा डबीत कोंडावा तशी. मधूनच ती थरथरे, दिवे क्षणभर पिवळे पडत आणि पुढच्या खोलीतलं हीटर दमल्यासारखं थांबे.

“दादा, हे काय?”

“काही नाही रे. ट्रान्सफर स्विच. आठ वर्षं असाच गुणगुणतोय. आता मला त्याशिवाय झोप लागत नाही.”

वहिनी कूस बदलून म्हणाल्या, “आणि महिनाभर जळका वास येतोय, तेही सांगा भावाला.”

क्वार्ट्झसाइट हे कोलोरॅडो नदीपासून जेमतेम ३० किलोमीटर अलीकडचं, हमरस्त्यावरचं गाव. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आत, पण हिवाळ्यात थंड प्रांतांतून मोटरहोम घेऊन आलेल्या निवृत्तांनी आसपासचं माळरान भरून जातं. सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलपर्यंत मुक्कामाचा परवाना मिळतो. तिथे विजेची जोडणी नसते, स्वतःचा जनरेटर नाहीतर छतावरचं सोलर. गावाच्या कबरस्तानात दगडी पिरॅमिडवर धातूचा उंट आहे. १८५६मध्ये अमेरिकी लष्कराने वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची ती कबर. स्थानिकांनी त्याचा ‘हाय जॉली’ केला. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यांच्या गावाला याहून चांगलं स्मारक सुचलं नसतं.

मोटरहोमचा अधिकृत इतिहास दोन ओळींत उरकतो, कारण तो कोणत्याही पुस्तिकेत सापडतो. १९१० साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने मुक्कामाची सोय असलेली मोटार मांडली, तिथून या धंद्याची मोजणी सुरू करतात. आज अमेरिकेतली बहुतेक फिरती घरं इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात. दादाचं घरही तिथलंच, डिझेलवर चालणारं, सेकंड हँड, बारा मीटर लांब. आत दोन एसी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, देवघर आणि वहिनींचा ११० व्होल्टवाला मिक्सर.

या घराला वीज दोन वाटांनी येते. मोटरहोमच्या पार्कात मुक्काम असेल, जसा तेव्हा आमचा होता, तर कमरेएवढ्या खांबावरच्या प्लगमधून, मनगटासारख्या जाड केबलने. माळरानावर असेल तर पोटातल्या जनरेटरवरून. या दोन विजा कधीही, निमिषभरही, एकमेकींना भेटता कामा नयेत. भेटल्या तर जनरेटर जळेल. नाही जळला, तर तो उलटा पार्काच्या तारांमध्ये वीज ढकलेल आणि खांबावर काम करणारा वायरमन, जो तार मेलेली समजून हात लावतोय, त्याच्या जिवावर बेतेल. सासू आणि सून एकाच वेळी स्वयंपाकघरात नकोत, म्हणून मधे दार ठेवावं, तसं हे दार म्हणजे ट्रान्सफर स्विच.

आपल्याकडच्या वाचकाला ही वस्तू नवी नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत प्रत्येक मंगल कार्यालयात भिंतीवर लोखंडी पेटी असे, तिला लांब दांडा. वर मेन, खाली जनरेटर, मधे बंद. वीज गेली की अक्षता थांबत, कुणीतरी पोऱ्या धावे, दांडा खाली ओढी, आणि मांडव पुन्हा उजळे. तोच चेंजओव्हर. मोटरहोममध्ये पोऱ्या नाही एवढंच. त्याची जागा दोन कॉन्टॅक्टरनी घेतली आहे. कॉन्टॅक्टर म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा जाडजूड स्विच, एक खांबासाठी, एक जनरेटरसाठी. एक ओढला गेला की दुसऱ्याला हलताच येऊ नये, असं त्यांचं आपसांत कुलूप. दादाच्या पेटीत मान जनरेटरचा पहिला. तो सुरू झाला की पेटी लगेच त्याच्याकडे वळत नाही, तीसेक सेकंद थांबते. इंजिनाला दम घेऊ देते, व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी स्थिरावू देते, मग खटाक.

या घरात त्या तीस सेकंदांचं एक शास्त्र झालं आहे. वहिनी जनरेटरचं बटण दाबतात, रामरक्षेची सुरुवात पुटपुटतात, खटाक ऐकू आलं की मिक्सर लावतात.

जळक्या वासाचं मनावर घेऊन दादाने तिसऱ्या दिवशी फिरत्या मेकॅनिकला बोलावलं. जुन्या पिकअपमधून सत्तरीचे गृहस्थ उतरले. आयुष्य ॲरिझोनातल्या तांब्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून गेलं, आता हिवाळाभर इथल्या माळावर घरं दुरुस्त करत फिरतात. नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. मी मनातल्या मनात त्यांना मिस्त्री म्हणत राहिलो. माझा लेख खरं तर त्यांच्यामुळेच पलंगाखाली गेला.

मिस्त्रींनी पेटीला हात लावला नाही. आधी वहिनींना विचारलं, दिवे कधी फडफडतात? खांबावर की जनरेटरवर? “फक्त खांबावर,” वहिनी म्हणाल्या. दादा आठ वर्षं पार्काला दोष देत आला होता. एवढ्या एका उत्तराने अर्धा आजार समजला होता, कारण जनरेटरवर सगळं सुरळीत चालत असेल तर घरातल्या तारा निर्दोष. दोष एकतर खांबात, केबलमध्ये, नाहीतर पेटीच्या खांबाकडच्या अर्ध्या भागात.

मग मीटर निघाला. इथे अमेरिकेची वीज समजून घ्यावी लागते. आपल्या घरात एक फेज, एक न्यूट्रल, २३० व्होल्ट. दादाच्या ५० अँपिअरच्या प्लगमध्ये चार तारा: काळी आणि लाल या दोन जिवंत, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. काळी ते पांढरी १२० व्होल्ट, लाल ते पांढरी १२०, काळी ते लाल २४०. आपल्याकडे वर्षानुवर्षं काळी म्हणजे न्यूट्रल हे डोक्यात बसलेलं, त्यामुळे मी बोट दाखवत “ती काळी तर निरुपद्रवी ना?” असं विचारलं आणि मिस्त्रींनी माझा हात मनगटाला धरून मागे घेतला. शब्द एकही नाही.

खांबावर दोन्ही बाजू ठीक भरल्या. मग त्यांनी दादाला पुढचा एसी आणि पाण्याचं हीटर लावायला सांगितलं, कारण रिकाम्या तारेवर मोजलेलं व्होल्टेज गोड बोलतं, भार पडला की खरं काय ते कळतं. पलंगाची फळी उचलली, पेटीचं झाकण काढलं, रबरी हातमोजे घातले. लाल तारेवर पेटीत शिरताना ११७ व्होल्ट. बाहेर पडताना ११२.

पाच व्होल्ट म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं. मिस्त्रींनी जमिनीवरच्या धुळीत बोटाने गुणाकार केला. तारेतून जातायत सुमारे २० अँपिअर, हरवले ५ व्होल्ट, म्हणजे १०० वॅट. जुन्या काळचा शंभराचा बल्ब. तो इथे, सुपारीएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या पेटीत, प्लायवूडवर, गादीखाली जळतोय. दादा काही बोलला नाही. तो आयुष्यभर पुलांची गणितं करत आला होता, त्याला गुणाकार पटकन कळला.

मला या यंत्राचं कौतुक वाटतं ते इथेच, आणि धास्तीही इथेच. ज्या संकटासाठी त्याला बनवलं, ते दोन विजांचं मीलन, त्याने पंधरा वर्षांत एकदाही होऊ दिलं नव्हतं. आणि जे त्याच्या नशिबी आलं ते अगदी क्षुद्र होतं: एक स्क्रू सैल. घर रस्त्यावर धावतं म्हणजे रोज थोडा थोडा भूकंप. जाड तारेतले बारीक तांब्याचे धागे दाबाखाली हळूहळू पसरतात, पकड ढिली होते. ढिल्या जागी उष्णता, उष्णतेने काळपटपणा, काळपटपणाने आणखी उष्णता. त्यात दादाची सवय: आत एसी चालू असतानाच प्लग खांबात खुपसायचा. प्रत्येक वेळी ठिणगी, प्रत्येक ठिणगीने चांदीमिश्रित संपर्कबिंदूंवर एकेक देवीचा व्रण. भारामुळे व्होल्टेज खाली जाई तेव्हा चुंबकाची पकडही लटपटे, ती थरथरती गुणगुण हीच. म्हणजे आठ वर्षं दादा ज्या अंगाईवर झोपत होता ती तक्रार होती.

“कानस मारून साफ नाही का होणार?” दादाने विचारलं. मिस्त्रींनी मान हलवली. चांदीचा थर पातळ, कानस मारली की तांबं उघडं पडतं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. पेटीच बदलायची.

बदलणं सोपं, असं माझ्या टिपणवहीत त्या दुपारी लिहिलेलं आहे. चार तारा आत, चार आत, चार बाहेर. फोटो काढायचा, प्रत्येक तारेवर चिकटपट्टी, जुनी काढायची, नवी लावायची. प्रत्यक्षात दोन दिवस गेले.

पहिली अडचण, नवी पेटी त्याच क्षमतेची पण तारा शिरायच्या भोकांची जागा वेगळी. जनरेटरची केबल पूर्वी खालून येई, आता डावीकडून हवी. दुसरी, लाल तारेचं टोक जळून ठिसूळ झालेलं, ते कापल्यावर तार बोटभर आखूड. ओढून बसवली असती तर बसली असती; कारखान्यात बहुधा असंच बसवतात. मिस्त्रींनी ओढली नाही. पेटीच दहा सेंटीमीटर सरकवायची ठरवली, त्यासाठी नवी फळी हवी, फळीसाठी पलंगाचा आडवा दांडा कापायला हवा. ज्याने हे घर आखलं त्याला ही पेटी कधी कुणी उघडेल असं वाटलंच नव्हतं. जी वस्तू दरवर्षी तपासायला हवी ती पाच स्क्रू, एक गादी आणि दोन ड्रॉवरच्या मागे.

काम सुरू करण्याआधी त्यांनी दादाला दोनदा विचारलं, जनरेटर बंद? खांबाचा प्लग काढला? दादा दोन्हीला हो म्हणाला. तरी मिस्त्री खाली उतरले, जनरेटर सुरू करणाऱ्या बॅटरीची काळी वायर काढून खिशात घालावी तशी बाजूला बांधून आले. मग मीटर आधी चालू वीज असलेल्या दुसऱ्या ठिकाणी लावून पाहिला, मग मेलेल्या तारांवर, मग पुन्हा चालू ठिकाणी. मीटरच मेला असेल तर सगळ्या तारा मेलेल्याच दिसतात.

वीसेक मिनिटांनी, त्यांच्या बोटांत जनरेटरच्या उघड्या तारा असताना, डॅशबोर्डवरचा पॅनल दोनदा टूं टूं वाजला आणि पोटातून एक बारीक ‘टिक’ आली. पुढे काही नाही.

घरातली बॅटरी उतरली की जनरेटर आपोआप सुरू करायची या घरात सोय आहे. चार्जिंग बंद, फ्रीज चालू, बॅटरी उतरली, पॅनलने जनरेटरला हाक मारली. दादाने जनरेटर बंद केला होता, ‘ऑटो’ बंद केलं नव्हतं. बॅटरीची वायर जागेवर असती तर इंजिन धडधडलं असतं आणि त्या उघड्या तारांमध्ये वीज उतरली असती.

मिस्त्रींनी तारा खाली ठेवल्या, दादाकडे पाहिलं, आणि पाणी मागितलं. वहिनींनी ताक दिलं. ते त्यांनी पाण्यासारखं पिऊन टाकलं, तोंड जरा वाकडं केलं आणि पुन्हा कामाला लागले. संध्याकाळपर्यंत दादाने त्या ‘ऑटो’च्या बटणावर लाल पट्टी चिकटवली होती.

दुसऱ्या दिवशी स्क्रू आवळताना त्यांनी पांढऱ्या तारेपासून सुरुवात केली. एरवी माणूस जिवंत तारांची काळजी करतो, मग पांढऱ्याला हा मान का? या घरात पांढरी तार हिरवीला जोडलेली नसते. ती जोड पार्काच्या पुरवठ्याकडे असते आणि जनरेटरवर चालताना जनरेटरच्या अंगाशी. म्हणून पेटी जिवंत तारांबरोबर पांढरीही तोडते, हिरवी मात्र कधीच नाही. ही जोड दोन ठिकाणी झाली तर पांढरीचा प्रवाह घराच्या लोखंडी सांगाड्यातून हिंडायला लागेल. आणि ती पांढरी सैल होऊन सुटली तर? मग काळीवरची आणि लालवरची उपकरणं २४० व्होल्ट आपसांत वाटून घेतात, आणि वाटणी अन्यायाची असते. जड हीटरला थोडं, हलक्या टीव्हीला जवळजवळ सगळं. मिस्त्रींच्या पिकअपमध्ये अशा एका टीव्हीचा जळका बोर्ड होता. नव्या गिऱ्हाइकाला ते तो हातात देतात, बोलत नाहीत.

आवळणं हाताच्या अंदाजाने नाही, आकडा दाखवणाऱ्या पान्याने, लेबलवर छापलेल्या इंच-पाउंडांपर्यंत. आधी सगळे घरातले ब्रेकर बंद, मग प्लग, मग खांबाचा ब्रेकर, मग एकेक उपकरण. कॉन्टॅक्टरवर पुन्हा मीटर लावला, एसी आणि हीटर चालू असताना. फरक ०.१ व्होल्टच्याही आत. जनरेटर सुरू केला. वहिनी ओट्याशी उभ्या, ओठ हलत होते. खटाक.

नव्या पेटीला आवाज नाही. दादा त्या रात्री दीडला उठून पलंगावर बसला होता. “फार शांत आहे रे,” म्हणाला.

जाताना मिस्त्रींनी दादाच्या हातात तो आकड्यांचा पाना ठेवला, विकत, फुकट नाही. हजार किलोमीटर चाललात की पुन्हा आवळा, मी येणार नाही, मी तेव्हा उत्तरेला असेन.

मार्चमध्ये, मी पुण्यात हा लेख कापत असताना, दादाचा न्यू मेक्सिकोतून फोटो आला. पलंगाची फळी उचललेली, पेटी उघडी, शेजारी बांधून ठेवलेली बॅटरीची वायर. खाली लिहिलं होतं: ‘ऑटो बंद. मीटर तीनदा. लाल ठीक, काळी ठीक. पांढरीचा स्क्रू पाव फेरा फिरला.’